मैदानाकडे पाठ

समोरचा माणूस मैदानाकडे पाठ करून उभा होता. म्हणजे त्याचं तोंड थेट तिच्याकडे.

सामना सुरू झाल्याची शिट्टी वाजली तरी तो वळेना. तिनं डावीकडून मान काढून पाहिलं, मग उजवीकडून. आणि मग तिच्या लक्षात आलं, की तो एकटाच नाही. त्याची रांग, तिच्या शेजारचे, मागच्या पायरीवरचे रंगारीकाका, स्टँडचा स्टँड मैदानाकडे पाठ फिरवून उभा होता. मैदानाकडे तोंड होतं ते फक्त तिचं.

“वळा,” तो हळूच म्हणाला. “टीव्हीवर दिसताय.”

“मी मॅच बघायला आलेय.”

“आम्ही न बघायला आलोय.”

हे त्यानं इतक्या गंभीरपणे सांगितलं, की तिला हसू लपवायला चष्मा पुसावा लागला.

खरं तर तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. आली होती ती आत्याच्या जागी. आत्या म्हणजे जन्मभर शिवणकाम केलेली बाई. क्लबचे निम्मे झेंडे तिच्या मशीनवरून गेलेले. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं, तर शनिवारी वेळ नसायचा म्हणून सांगायची. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर पलंगावर पडल्यापडल्या तिनं भाचीच्या हातात आपला हंगामाचा पास कोंबला होता. खुर्ची रिकामी राहता कामा नये, आपले ते हिरवे, आणि काय काय दिसलं ते घरी येऊन जसंच्या तसं सांगायचं, एवढ्या तीन आज्ञा. पाठ फिरवून उभं राहण्याचा ठराव मात्र आत्या भुलीच्या गुंगीत असताना झाला होता. तो भाचीला कोण सांगणार?

तिनं आत्याचं नाव घेतल्याबरोबर समोरच्याचा चेहरा बदलला. बातमी रांगेरांगेतून वर गेली आणि चाहत्यांच्या संघटनेच्या अध्यक्षबाईंपर्यंत पोचली. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही सगळ्यांना तशाच वाटायच्या. वरून निकाल आला: आत्याबाईंचा शब्द मोडायचा नाही, भाचीनं खुशाल बघावं. पण सगळ्यांत मिळून दोनच डोळे उघडे असतील, तर त्यांचा फायदा सगळ्यांना व्हायला हवा.

“सांगा मग,” तो म्हणाला. “माझ्या पाठीमागे काय चाललंय?”

ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसेल ते सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही, ही तिची रोजची शिस्त. तिनं तसंच सुरू केलं. चेंडू मध्यावर आहे. सगळे त्याच्या मागे पळतायत, दोघं मात्र नुसते उभे आहेत.

“ते गोलकीपर.”

“त्यांना पगार मिळतो?”

“हो. बाकीच्यांइतकाच.”

“बरंय,” ती म्हणाली.

ती बोलायची आणि तो तेच मोठ्या आवाजात पुढे ओरडायचा. त्याच्याकडून ते खालच्या रांगा उचलायच्या. तो उंच होता, एक पायरी खाली उभा होता, त्यामुळे दोघांचे चेहरे अगदी समोरासमोर आले होते, हातभर अंतरावर. सांगायला मैदान होतं आणि बघायला हा चेहरा; डोळे कुठे ठेवावेत ते तिला कळेना. त्याच्या डाव्या भुवईत आणि कानाच्या पाळीमागे काहीतरी पांढरं लागलेलं होतं. मैदा... त्याच्या अंगाला ताज्या पावाचा वास येत होता. शेजारचे त्याला ‘बेकर’ म्हणून हाक मारत होते.

“हिरवे आज जोरात आहेत,” तिनं सांगितलं, आणि त्याचा चेहरा उजळला. तो उजळलेला पाहून तिलाही खेळात रस वाटू लागला. हिरवे पुढे येतायत. एकानं दोघांना चकवलं. एक लांब टांग टाकली आणि...

“गोल झाला,” ती म्हणाली. “हिरव्यांचा.”

सगळा स्टँड ओरडून उठला. बेकरनं शेजाऱ्याला उचललं, खाली ठेवलं, तिच्याकडे वळून दोन्ही हात पसरले, आणि आपण हिला ओळखतही नाही हे मध्येच आठवल्यासारखे ते हात खिशात घातले. तेवढ्यात पलीकडच्या, पाहुण्यांच्या बाजूनं त्याहून मोठा जल्लोष ऐकू आला.

त्याचं हसू हळूहळू उतरत गेलं.

“हिरवे म्हणजे,” त्यानं विचारलं, “हिरव्या शर्टातले?”

“दुसरे कुठले हिरवे असतात?”

त्यानं डोळे मिटून घेतले.

मग तिला सगळं समजलं. क्लब अडचणीत असताना एका लोखंडाच्या व्यापाऱ्यानं तो विकत घेतला होता. आल्या आल्या त्यानं पिढ्यान्‌पिढ्यांचा हिरवा शर्ट काढून आपल्या कंपनीचा निळा चढवला. चाहत्यांनी तो निळा अंगाला लावला नाही. त्यांच्या लेखी खेळाडू निळ्यात असोत की आणखी कशात, ते हिरवेच. आता व्यापाऱ्याला मैदान एका बिल्डरला द्यायचं होतं, तिथं मॉल उभा करायचा होता आणि क्लब उचलून दुसऱ्या शहरात न्यायचा होता. चाहत्यांची संघटना क्लब विकत घ्यायला तयार होती. त्यावर त्याचं उत्तर होतं, की गिऱ्हाइकांनी दुकान विकत घ्यायचं नसतं. म्हणून हे पाठ फिरवणं. तो सही करेपर्यंत घरच्या मैदानावरचा एकही सामना बघायचा नाही. ज्यांचा आठवडा शनिवारपासून सुरू व्हायचा, त्यांनी हे ठरवलं होतं.

आणि योगायोगानं त्या दिवशी पाहुणा संघ हिरव्या शर्टात आला होता.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक फोनवर एकच चित्रफीत: विरुद्ध संघाच्या गोलवर पाठमोरे नाचणारे चाहते. मालकानं वर्तमानपत्रात खिल्ली उडवली, की हे म्हणे निष्ठावंत. आत्या पोट धरून हसली. भाचीला मात्र हसू येईना. लोकांच्या एवढ्या दिवसांच्या लढ्याचा आपण एका वाक्यात विचका केला, असं तिला वाटलं. पुढच्या शनिवारी ती गेलीच नाही. आत्यानं विचारलं तेव्हा डोकं दुखतंय म्हणाली. आत्याची खुर्ची आयुष्यात पहिल्यांदा रिकामी राहिली.

सोमवारी सकाळी, आत्याकडून पत्ता घेऊन, नमुने घ्यायच्या खिडकीशी तो उभा होता. भुवईत मैदा होताच.

“रक्त तपासायचंय,” तो म्हणाला.

“काय त्रास होतोय?”

“शनिवारी सबंध सामनाभर रंगारीकाकांचं टक्कल बघावं लागलं. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.”

तिनं खाली बघत नळीवर चिठ्ठी चिकटवली. ती वाकडी बसली. “उपाशीपोटी आलात का?”

“बेकरीतून कुणी उपाशी येतं का?”

“मग आज नाही घेता येणार. उद्या या.”

“म्हणजे उद्याही या म्हणताय.”

तिच्या मागे बसलेली सहकारी मोठ्यानं खोकली. त्यानं कागदी पिशवी खिडकीतून आत सरकवली. पाव अजून गरम होता. आणि मग त्यानं जे सांगितलं, त्यासाठी तो खरा आला होता. लोक हसले, पण चाहत्यांना नाही, मालकाला हसले. मैदानाकडे पाठ असतानाही ज्यांना हिरवा म्हटल्यावर आपला क्लबच दिसतो, त्यांच्या अंगावर हा निळा चढवायला निघाला होता. पाहुण्या संघाच्या चाहत्यांनी तर आपले हिरवे स्कार्फ गाठोडी बांधून पाठवून दिले होते. परवाच्या सामन्यात प्रत्येक पाठीवर एक स्कार्फ होता. टीव्हीवर तेवढंच दिसलं. बिल्डर आता बिचकायला लागला होता.

“आमच्या सगळ्या निवेदनांनी झालं नाही ते तुमच्या चुकीनं झालं,” तो म्हणाला. “त्यामुळे डोकेदुखी आवरा... आणि या.”

ती गेली. पुढच्या वेळीही गेली. ऑफसाइड म्हणजे काय ते तिला त्यानं हातातल्या बिस्किटांवर समजावलं, आणि समजल्यावर दोघांनी मिळून ते खेळाडू खाल्ले. तिचं सांगणं आता सबंध स्टँडला हवं असायचं. ‘भाची काय म्हणते?’ असं खालून कुणीतरी ओरडायचं. रांगेतल्या प्रत्येकासमोर कुणाची तरी पाठ होती. समोर चेहरा असलेला तो एकटाच, आणि ते भाग्य आपल्यालाच का, हा हिशेब त्याला अजून लागत नव्हता, असं तो म्हणायचा.

एका शनिवारी पावसाची भुरभुर सुरू झाली. तिनं छत्री उघडली आणि न बोलता पुढे धरली, इतकी पुढे, की तिची स्वतःची पाठ भिजली. त्याच्या पापणीवर एक थेंब अडकला होता. तो पुसत नव्हता, आणि तिला मैदानावर काय चाललंय ते सांगता येत नव्हतं.

“काय झालं?” खालून कुणीतरी विचारलं.

“काही नाही,” तिनं उत्तर दिलं. “चेंडू बाहेर गेलाय.” चेंडू आतच होता. तिच्या आयुष्यातलं ते पहिलं खोटं निरीक्षण.

छत्रीखाली तो म्हणाला, “मालक वाटाघाटीला तयार झालाय. शेवटच्या सामन्यापर्यंत उत्तर देणार. जिंकलो, तर काय कराल?”

हेच तर तिला गेले काही दिवस सतावत होतं. क्लब वाचावा असं तिला मनापासून वाटायचं. आत्यासाठी, रंगारीकाकांसाठी, त्याच्यासाठी तर सगळ्यांत जास्त. पण क्लब वाचला की हा माणूस वळणार. मैदानाकडे तोंड करणार. त्याचा हक्कच होता तो.

“तुमची मान बघेन,” ती म्हणाली.

“वाईट नाहीये मान.”

“अजून पाहिली नाही मी.”

तो काहीतरी बोलणार होता... पण सामना संपल्याची शिट्टी झाली, आणि पायऱ्यांवरून लोंढा खाली निघाला.

शेवटच्या सामन्याच्या आधी आत्यानं जाहीर केलं, की गुडघा बरा झालाय आणि खुर्ची तिची आहे. भाची बरं म्हणाली. इतकं पटकन म्हणाली, की आत्यानं चष्म्यावरून बघितलं.

“तुझ्या वर्णनात हल्ली गोल कमी आणि भुवया जास्त असतात,” आत्या म्हणाली.

“काहीतरीच काय आत्या.”

“मी कापड बघून माप सांगते, मला शिकवू नकोस. तूही चल मैदानावर. आणि ही घे.” तिनं आपली जुनी दुर्बीण भाचीच्या गळ्यात अडकवली.

तिकिटं संपत आली होती. तिला मिळालं ते मैदानाच्या पार पलीकडचं, नेहमीच्या स्टँडच्या बरोबर समोरचं. आत्याला काठीच्या आधारानं तिच्या खुर्चीपर्यंत पोचवून ती लांबच्या लांब वळसा घालून पलीकडे गेली. तिथून तिला पहिल्यांदाच दिसलं, टीव्हीवाले इतके दिवस काय दाखवत होते ते. हिरव्या स्कार्फांची भिंत. त्यातली कुठली पाठ त्याची, ते दुर्बिणीतूनही ओळखू येईना. समोरून ज्याची पापणीन्‌पापणी ठाऊक, तो पाठमोरा तिला परकाच होता. आणि आज त्याच्यासमोर आत्याचा अंबाडा असणार. तिला हसू आलं, पण दुर्बीण तिनं खाली घेतली.

मध्यंतर झालं. मालकाकडून उत्तर आलं नव्हतं.

खेळाडू बाहेर येईनात. लोक कुजबुजायला लागले. मग ध्वनिक्षेपकावर अध्यक्षबाईंचा आवाज आला. त्यांनी घसा साफ केला, शाळेत करायच्या तसा. मालकानं सही केली होती. क्लब चाहत्यांच्या संघटनेचा झाला होता. मैदान जागच्या जागी राहणार होतं. पुढचं त्यांना बोलवेना. त्यांनी माइक तसाच चालू ठेवला, आणि सगळ्या मैदानाला मुख्याध्यापिकेचं नाक ओढणं ऐकू आलं.

बोगद्यातून संघ बाहेर आला. अंगावर गेल्या वर्षीचे, कुणीतरी कपाटात जपून ठेवलेले हिरवे शर्ट.

आणि समोरचा स्टँड वळला.

एकदम नाही. आधी एक चेहरा, मग दहा, मग वाऱ्यानं पानं उलटावीत तशा रांगाच्या रांगा. तिनं दुर्बीण डोळ्यांना लावली, सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू फिरवावा तसं हलक्या बोटानं भिंग जुळवलं. रंगारीकाका रडत होते. आत्या रडत नव्हती. ती काठी उचलून समोर, बरोबर इकडे, दाखवत होती. आणि आत्याच्या पुढे, एक पायरी खाली, तो होता. तोंड तिच्याकडे.

तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, की इतके दिवस ती उगाचच घाबरली होती.

खेळ पुन्हा सुरू झाला, तरी तो मैदानाकडे बघतच नव्हता. जे बघण्यासाठी एवढे शनिवार झुरला, ते डोळ्यांसमोर होतं, आणि तो त्याच्यावरून पलीकडे, काठीच्या रोखानं, रांगेमागून रांग शोधत होता. तिनं हात वर केला. तो थांबला. आणि त्याच क्षणी मैदानात काहीतरी घडलं, सगळा स्टँड उसळला, लोक एकमेकांच्या गळ्यात पडले; तो मात्र तसाच उभा.

तिचा फोन वाजला.

“आता काय झालं?” त्यानं विचारलं.

“गोल झाला. तुम्ही बघत नव्हता?”

“नाही. कोणी केला?”

“हिरव्यांनी,” ती म्हणाली. “हिरव्या शर्टातल्यांनी. मी नीट बघितलंय.”

तो म्हणाला, “तिथेच थांब. मी येतोय. वाटेत मैदान दिसत नाही, फोन ठेवू नकोस. सांगत राहा.”

ती सांगत राहिली. चेंडू मध्यावर आहे. गोलकीपर पगार मिळवतोय. आत्या काठी फिरवतेय, शेजारचे वाकून ती चुकवतायत. पलीकडून पावलांचा आवाज येत होता, जिने, कुणाला तरी धक्का, माफी... आणि मग त्याचा श्वास फोनमधून आणि शेजारून एकदमच ऐकू आला.

शेजारच्या गृहस्थांनी कुरकुरत थोडी जागा करून दिली. तो बसला. दोघंही पहिल्यांदाच एका दिशेला तोंड करून.

“इतक्या दिवसांत एकदाही तुझ्या शेजारी बसलो नव्हतो,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षी इथलाच पास काढू या? दोन?”

“आत्याला विचारावं लागेल,” ती म्हणाली. पण त्यानं धरलेला हात तिनं सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हातानं रुमाल काढून तिनं त्याच्या कानाच्या पाळीमागचा मैदा पुसला. पहिल्या दिवसापासून राहून गेलेलं काम होतं ते.

तो आता मैदानाकडे बघत होता, तहानलेल्या माणसासारखा. ती त्याच्याकडे. समोरून हा चेहरा तिला पाठ होता. बाजूनं मात्र सगळा नवा. तिनं घाई केली नाही. अजून सामना बाकी होता, आणि त्यानंतरचे सगळे शनिवार.