विणलेली पट्टी

गाडीच्या इंजिनाचं हेड गॅस्केट बदलायला मेकॅनिक मुझफ्फर अंबडहून आमच्या अंतरवाली सराटीच्या घरी आला आणि अंगणातच इंजिन उघडून बसला. धाकटी बहीण अर्पिता पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. दिवस भरत आले होते, म्हणून मला गाडी दारात हवी होती. संध्याकाळी त्याने इंजिन चालू करून दाखवलं. आवाज स्वच्छ होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कळा सुरू झाल्या. मागच्या सीटवर अर्पिता आणि आई, पुढे मी. अंबडच्या रस्त्यावर, दोन्हीकडे नुसती कपाशी असलेल्या जागी, गाडी एकदम बंद पडली. हॉर्न नाही, काचा हलत नाहीत, डॅशबोर्ड काळा.

मी जालन्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. मीटर गाडीतच असतो. बॅटरी पूर्ण भरलेली होती. मग इंजिन आणि बॉडीच्या मध्ये मीटर लावला. जोडणीच नव्हती. अर्थिंगची विणलेली पट्टी जिथे बोल्टला बसते, ती जागा रिकामी होती. इतका वेळ प्रवाह कुठल्यातरी बारीक तारेतून वाट काढत असणार आणि आता ती तार जळली असणार. इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे होतं.

मुझफ्फरला फोन लावला.

“पट्टी धुवून ओट्यावर वाळू घातल्ती, मॅडम. मंग समोर दिसलीच न्हाई, तं ध्यानातून गेली. नवी घेऊन निघालोच बघा.”

“ती वेणीवाली का?” आई मागून म्हणाली. “ती म्या उचलली. दिवस भरलेल्या बाईजवळ लोखंड लागतं. घरातला अडकित्ता तं तू जालन्याला नेला.”

काळ्या धाग्याने तिने ती अर्पिताच्या कमरेला बांधली होती.

“आई, ते तांबं आहे.”

“असू दे. बाळ होईस्तोवर काढत न्हाईत.”

मी मागचं दार उघडून वाकले, तेव्हा दिसलं. किल्ली माझ्या हातात होती आणि डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लुकलुकत होता. बारीक, भरभर, एकसारखा.

गाठ सोडली. पट्टी कोमट होती. दिवा विझला.

“ताई,” अर्पिता म्हणाली, “बाळ थांबलं.”

“थांबलं म्हणजे?”

“मघापासून ढुशा देऊन राह्यलं होतं. आता काहीच न्हाई.”

आईने माझ्या हातातून पट्टी ओढून घेतली आणि परत बांधली. दिवा लुकलुकू लागला. अर्पिताने पोटावर हात ठेवून श्वास सोडला.

मी पुढे बसून किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं. ती पट्टी कशालाच जोडलेली नव्हती.

दवाखान्यात मुलगी झाली. नर्सने धागा कापून पट्टी आईकडे दिली आणि आईने ती बाळाच्या दुपट्यात सरकवली. बाळ खणखणीत रडत होतं. मी खिडकीतून खाली पाहिलं. गाडी मी उघडीच टाकून आले होते. मुझफ्फर आम्हाला शोधत दवाखान्यापर्यंत पोचला होता आणि बॉनेटखाली वाकला होता. नवी पट्टी बसवत होता.

रडणं मध्येच तुटलं.

“निळं पडतंय,” नर्स म्हणाली.

मी जिन्यावरून धावत उतरले.

“मुझफ्फर, काढ ती.”

“आत्ता तं बसवली, मॅडम. बिलकुल बराबर बसली.”

“काढ.”

त्याने बोल्ट सैल केला. लाल दिवा लुकलुकला. वरून रडण्याचा आवाज आला.

मुझफ्फरने वर पाहिलं, मग माझ्या मुठीतल्या किल्लीकडे. पाना पेटीत ठेवून तो गाडीकडे पाठ करून उभा राहिला.

आता मुलगी रांगते. अर्पिता तिला घेऊन हसनाबादला सासरी गेली. पट्टी पाळण्यात असते. गाडी आमच्या अंगणात, ताडपत्रीखाली. बॅटरी केव्हाच पार उतरली. मीटर शून्य दाखवतो. दिवा चालू आहे. मी हल्ली जालन्याहून रोज घरी येते.

आज सकाळी बॉनेट उघडलं. दिव्याकडे जाणाऱ्या वायरचं आवरण उंदराने कुरतडलं होतं. खाली पडलेले तुकडे ताजे होते.