मोहाच्या टाकीतलं शून्य

एक कोडं घालते. सुटतंय का बघा.

आमच्या सावरटोली शहरात पाण्याच्या बऱ्याच टाक्या आहेत. प्रत्येक टाकीच्या पाण्यात सोमल किती, ते पाणीपुरवठा कार्यालयातल्या विजेवरच्या मोठ्या फळ्यावर दिसतं. (सोमल म्हणजे आर्सेनिक. ते खडकात असतं आणि खोल बोअरच्या पाण्यात उतरतं. त्याला चव नसते, वास नसतो, पण ते विष असतं.) मोहाच्या झाडाजवळची टाकी आमची. तिच्यापुढे फळ्यावर शून्य होतं, म्हणजे शहरातलं सगळ्यात स्वच्छ पाणी. आणि या उन्हाळ्यात सगळ्यात जास्त मुलं आजारी पडली, ती नेमकी मोहाच्या टाकीचं पाणी पिणारी. हे कसं?

मोठ्यांनाही हे सुटलं नाही. कुणी म्हणालं आंबे बाधले, कुणी म्हणालं बर्फाचे गोळे. पाण्यावरचा संशय तर पहिल्याच दिवशी मिटला, कारण फळ्यावर शून्य आहे ना! माझा भाऊ तिष्य सहा वर्षांचा आहे. आधी त्याला उलट्या झाल्या, मग त्याच्या हातापायांना मुंग्या यायला लागल्या. एक दिवस त्याच्या हातातून पेन्सिल पडली. त्याने ती उचलली, परत पडली. मी हसले. मला वाटलं, गृहपाठ टाळायची नाटकं. त्याच आठवड्यात शेजारच्या झाडे काकूंची गुड्डी गेली. अंगणवाडीत जायची ती. आमच्या ओट्यावर बसून बडीशेप मागायची.

शेवटी दवाखान्यात तिष्यचे केस आणि नखं तपासली आणि त्यात सोमल सापडलं. मग मोहाच्या टाकीचं पाणी नागपूरला पाठवलं. त्यात ते भरपूर निघालं. त्याच सकाळी शहरातले सगळे नळ बंद झाले.

आईचे वडील, म्हणजे माझे आबाजी, डॉ. गोवर्धन रामटेके, दुपारी आले. ते विदेचे शास्त्रज्ञ आहेत. (विदा म्हणजे मोजून, पाहून, नोंदवून ठेवलेली माहिती.) ठिकठिकाणच्या कार्यालयांत जाऊन ते कर्मचाऱ्यांना विदागुणवत्ता शिकवतात, म्हणजे आपल्याकडची विदा भरवशाची आहे की नाही हे कसं ओळखायचं आणि ती भरवशाची कशी ठेवायची. सरकारने त्यांना तातडीने आमच्याच पाणीपुरवठा कार्यालयात पाठवलं होतं. आई तिथेच काम करते. दवाखान्यात तिष्यजवळ एकालाच बसू देत होते. तिथे बाबा बसले होते, म्हणून मी आबाजींबरोबर गेले.

सभागृहात कर्मचारी तोंड पाडून बसले होते. एक जण मोठ्यानेच म्हणाला, "पोरं मरून रायली अन् यांना शिकवणी सुचून रायली!"

मला त्याचं पटलं.

कोपऱ्यात धारा उभी होती. धारा म्हणजे आमचे नळ चालवणारा यंत्रमानव. तिच्या झडपा (पाणी सोडणारी आणि अडवणारी दारं) शहरभर जमिनीखाली आहेत. कार्यालयात लोकांशी बोलायला तिला चाकांवरचं निळं धड दिलेलं आहे. आमच्या शाळेत ती यायची तेव्हा आम्ही तिला राखी बांधायचो. तिच्या मनगटावर गेल्या वर्षीची एक राखी अजून होती. ती बघून माझं डोकंच फिरलं. मी सरळ जाऊन तिला लाथ मारली.

"यशोधरा, तुझ्या पायाला लागलं का?" धाराने विचारलं.

लागलं होतं. पण मी सांगितलं नाही.

मुख्य अभियंता नंदनवार साहेब घाईत होते. "डॉक्टर, जरा लवकर आवरा. मोहाच्या टाकीचं दुर्दैव झालं, ते मान्य. पण बाकीच्या टाक्या ठीक आहेत. सगळ्यांचे नमुने नागपूरला गेलेत, पण अहवाल यायला परवा उजाडेल. तोवर दवाखान्याला पाणी नको? टँकरचं संपत आलंय. धारा, संध्याकाळी दवाखान्याला कुठलं पाणी सोडते आहेस?"

"रेल्वेमागच्या टाकीचं," धारा म्हणाली. "तिथे सोमल शून्य आहे."

पुन्हा शून्य! दवाखान्यात तिष्य होता.

"उकळून दिलं तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"उकळून जंतू मरतात. सोमल जात नाही," आबाजी म्हणाले. "उलट पाण्याची वाफ होते अन् मागं राहिलेल्या पाण्यात ते वाढतं."

मग त्यांनी पिशवीतून स्टीलचे दोन पेले काढून टेबलावर ठेवले, दोन्हींपुढे एकेक कोरा कागद ठेवला. एक उघडा होता, दुसऱ्यावर ताटली झाकलेली होती. त्यांनी साहेबांना पुढे बोलावलं.

"उघड्या पेल्यात काय आहे, साहेब?"

साहेबांनी वाकून पाहिलं. "काही नाही."

"मग लिहा, शून्य. अन् झाकलेल्यात?"

"ते कसं सांगणार? माहीत नाही."

"पण इथं कोरं सोडता येत नाही बाप्पा. काहीतरी लिहावंच लागते."

साहेबांनी खांदे उडवले आणि त्या पेल्यापुढेही शून्य लिहिलं.

"झकास. दोन्ही शून्य, दोन्ही सारखे. आता न पाहता झाकलेल्यात हात घाला. येताना मी विंचू पकडणाऱ्या पोऱ्याकडं थांबलो होतो, हे तेवढं सांगून ठेवतो."

साहेबांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. कुणी हसलं नाही. आबाजींनी ताटली काढली. आत फुटाणे होते.

"तुम्ही हात काहून मागं घेतला? शून्य तर तुम्हीच लिहिलं होतं! पण ते मोजून लिहिलं नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून भीती वाटली. शून्य म्हणजे मोजलं आणि काही सापडलं नाही. रिकामा रकाना म्हणजे मोजलंच नाही. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पण रिकाम्या जागी शून्य भरलं की ते अंतर पुसून जातं. माणसाला निदान शंका येते. धाराला ती कुठून येणार? तिला कागदावरचं शून्य दिसतं, झाकण दिसत नाही."

आबाजी धाराकडे वळले. "धारा, मोहाच्या टाकीचं पाणी एवढ्या पोरांना काहून गेलं?"

"मी नेमून दिलेल्या नियमाने पाणी वाटते," धारा म्हणाली. "लहान मुलांना विष लवकर बाधतं. म्हणून शहरातलं सगळ्यात स्वच्छ पाणी मी आधी अंगणवाड्यांना, शाळांना आणि दवाखान्याला देते. मोहाच्या टाकीत शून्य होतं. म्हणून मी ते मुलांसाठी निवडलं."

ती नेहमीच्याच आवाजात बोलली, त्यामुळे ते जास्तच भयंकर वाटलं. माझं कोडं सुटलं होतं. स्वच्छ पाणी पिऊन मुलं आजारी पडली नव्हती. कुणीतरी खोटं शून्य लिहिलं होतं, आणि धाराने मुलांच्या काळजीपोटी ते विष शोधून शोधून त्यांच्याच नळांना सोडलं होतं. गुड्डीच्या अंगणवाडीलासुद्धा.

"टाकीत संवेदक असतात," आबाजी पुढे म्हणाले. (संवेदक म्हणजे पाण्यात बुडवून ठेवलेलं, आपोआप मोजणारं उपकरण.) "ते बंद पडले की धारा आकडा मागते. तपासणीच्या पट्टीने मोजून तो हाताने भरायचा असतो. मोहाच्या टाकीचे आकडे हाताने भरलेले दिसतात, रेल्वेमागच्या टाकीचेही. ते मोजून भरले का? हे धारा सांगू शकत नाही, मीही सांगू शकत नाही. हे फक्त तुमच्यापैकी कुणीतरी सांगू शकतं."

सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते. मी भिंतीवरच्या फळ्याकडे पाहिलं. भरलेले रकाने हिरवे आणि कोरे लाल. एकही लाल रकाना नव्हता. हा हिरवा फळा मला चांगलाच ठाऊक होता. ज्या विभागाचे सगळे रकाने आठवडाभर हिरवे, त्याला सोमवारी साहेबांकडून पेढे मिळायचे. लाल दिसला की सगळ्यांसमोर खरडपट्टी. आई दर सोमवारी पेढे आणायची. तिष्यचा वाटासुद्धा मीच पळवायचे.

तेवढ्यात आई उठली.

"मोहाची टाकी माह्याकडं होती," ती म्हणाली. "संवेदक बंद पडला. पट्ट्या संपल्या होत्या, मागवल्या तर आल्या नाहीत. आकडा भरल्याबिगर रकाना लालच राहाते. गेलं वर्षभर त्या टाकीत शून्यच यायचं, म्हणून मी शून्य भरत गेले. मधात तिला नवीन खोल बोअर जोडली, ते मले माहीत होतं. तरी भरलं."

मला वाटलं, मी ओरडेन. घरी आम्हीही तेच पाणी पीत होतो. तिने स्वतः ते तिष्यला पाजलं होतं.

नंदनवार साहेब लालबुंद झाले. "खोब्रागडे मॅडम, तुम्ही आत्ताच्या आत्ता निलंबित..."

"थांबा!" आबाजींना इतकं चढ्या आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. आई त्यांची मुलगी आहे, पण त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांची बोटं तेवढी टेबलाच्या कडेवर आवळली होती. "चौकशी होईल. तिची होईल अन् लाल रकान्याला शिव्या घालणाऱ्या तुमचीही होईल. पण पोरीनं खरं सांगितलं अन् तुम्ही तिला पहिलं फळ हे दिलं, तर दुसरं कोण उठणार? तुम्ही हिरव्या रंगाला पेढे वाटले. लोकांनी तुम्हाला हिरवा रंग दिला."

साहेब मटकन खाली बसले. मग अगदी मागच्या रांगेतून जांभुळकर काका उठले. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते, आईने त्यांच्या निरोपासाठी शालसुद्धा आणली होती.

"रेल्वेमागची माही आहे," ते म्हणाले. "होळीपासून मोजली नाही."

मी धावत धाराकडे गेले. "धारा, ऐकलंस ना? तिथे शून्य नाही!"

"मग किती आहे?" धाराने विचारलं.

"माहीत नाही! मोजलंच नाही!"

"माझ्या रकान्यात 'माहीत नाही' लिहायची सोय नाही."

"मग कर," आबाजी म्हणाले. "आत्ता, सगळ्यांसमोर."

फळ्यावरचा रेल्वेमागच्या टाकीचा हिरवा रकाना विझला आणि राखाडी झाला. मोहाचाही झाला. आणखी दोघं उठली आणि आणखी रकाने राखाडी झाले. मग धाराने नव्याने जुळणी केली आणि संध्याकाळी दवाखान्याला टेकडीवरच्या टाकीचं पाणी सोडलं. तिथे शून्य नव्हतं, थोडंसं सोमल होतं, पण ते चालण्याजोगं होतं आणि खरोखर मोजलेलं होतं. दोन दिवसांनी नागपूरहून अहवाल आला. रेल्वेमागच्या टाकीत मोहाच्या टाकीपेक्षाही जास्त विष होतं.

आता पावसाळा संपत आलाय. तिष्य घरी आहे. पेन्सिल दोन्ही हातांनी धरतो, अक्षर अगदी कोंबडीच्या पायांसारखं येतं. आईची चौकशी अजून चालू आहे, साहेबांचीही. फळ्यावर राखाडी रंग कायमचा आला आहे आणि राखाडी दिसला की चोवीस तासांत संवेदक दुरुस्त करायला माणूस जातो. पेढे बंद झाले. आबाजी इतर गावांत शिकवायला जातात तेव्हा आता आईलाही बरोबर नेतात. ती सगळ्यांसमोर उभी राहते आणि आधी स्वतःचं नाव सांगते, मग मोहाच्या टाकीचं. मी महिनाभर तिच्याशी बोलत नव्हते. आता बोलते.

त्या सभेच्या दुसऱ्याच दिवशी आई झाडे काकूंकडे गेली होती, सगळं स्वतःच्या तोंडाने सांगायला. काकूंनी ऐकून घेतलं आणि दार लावलं. तेव्हापासून ते दार आमच्यासाठी उघडलेलं नाही.

काल धारा शाळेत आली. त्या सभेनंतर पहिल्यांदाच मी तिच्याजवळ गेले. तिने विचारलं, "यशोधरा, झाडे काकू तुझ्या आईला कधी माफ करतील?"

मी खूप विचार केला.

"माहीत नाही," मी म्हणाले. "आणि धारा, तिथे शून्य लिहू नकोस."

"नाही लिहिणार," धारा म्हणाली. "राखाडी ठेवते."