तू सांगशील तो वार

"तिकडून जाऊ नका." हिलेवी माझ्याशी बोलली ते पहिलं वाक्य हे.

मी थांबलो ते तिच्या टोपीकडे बघून. लाल लोकरीची, कानांवर ओढलेली. सगळं तळं गोठलेलं, मार्चचं ऊन, आणि ही बाई पायात स्केट्स घालून हातातल्या काठीने बर्फ ठोकत उभी. पाठीवर पिशवी, खांद्याला दोर, गळ्यात अडकवलेल्या, खिळे लावलेल्या दोन लाकडी मुठी. स्टॉकहोमच्या स्केटिंग क्लबचे लोक असेच यायचे. आम्ही बेटावरची माणसं त्यांना हसायचो.

"गळ्यात ताईत कसला?" मी विचारलं.

"बर्फ फुटला तर हे रोवून वर येता येतं. तुमचे कुठायत?"

"मला लागत नाहीत. ही वाट माझ्या वडिलांनी घातलीय."

खरंच होतं ते. थंडीत तळं नीट गोठलं की आमच्याकडची जुनी माणसं बर्फात जुनिपरच्या हिरव्या फांद्या रोवत बेटापर्यंत वाट आखतात. फांदी दिसली म्हणजे वाट पक्की, हे आम्ही चालायला लागल्यापासून शिकलेलो.

"फांद्या जानेवारीतल्या आहेत," ती म्हणाली. "बर्फ आजचा आहे."

"पलीकडे पोचलो तर कॉफी पाजाल?"

"पोचलात तर..."

मी तिच्याकडे वळून बघत ऐटीत निघालो. पुढच्या फांदीच्या अलीकडेच पायाखालचं सगळं नाहीसं झालं.

पाणी थंड वाटलंच नाही. कोणीतरी छातीवर घण घालावा तसं झालं, आणि श्वास आतच अडकला. बर्फाची कड धरावी तर ती हातात तुटून येत होती. मागून माझा मोठा भाऊ बोर्ये येत होता. तोसुद्धा फांदीसारखा जागच्या जागी रोवला गेला.

"नाव काय तुझं?" ती पोटावर आडवी होऊन सरकत येत होती.

"एव्... एव्हर्त."

"एव्हर्त, धडपडू नकोस. आधी श्वास सोड. माझ्याकडे बघ. एव्हर्त, अजून एक." मग बर्फावरून त्या मुठी सरकत आल्या, मागोमाग दोर. "खिळे रोव. पाय मागे, बेडकासारखे मार. एव्हर्त, ऐकतोयस ना?"

दर वाक्यात माझं नाव. त्या नावाला धरूनच मी वर आलो, असं मला अजून वाटतं.

बोर्ये तेव्हा कुठे जागा झाला. मूठभर बर्फ घेऊन माझा हात खसाखसा चोळायला लागला आणि दुसऱ्या हाताने दारूची बाटली माझ्या तोंडाशी आणली. तिने त्याच्या हातावर फाडकन मारलं.

"चोळू नकोस. आणि ती बाटली ठेव खाली."

"आमच्याकडे पणजोबांपासून असंच करतात."

"म्हणून तर ते लवकर फोटोत गेले," ती म्हणाली. "दारूने आतली ऊब बाहेर पडते. त्यापेक्षा तुझा कोट काढ."

मग तिने जे केलं त्याचा धक्का मला पाण्यापेक्षा मोठा बसला. भर उन्हात, सख्ख्या भावासमोर, ओळख ना पाळख, तिने माझे सगळे ओले कपडे काढले. सगळे. आणि पिशवीतली स्वतःची कोरडी लोकरी विजार मला चढवली. गुलाबी होती.

"आज वार कोणता?" मी भानावर आहे का ते ती बघत होती.

"तू... सांगशील तो." माझे दात वाजत होते.

ती पहिल्यांदा हसली. "जीभ गारठलेली दिसत नाही. मग गुरुवार. संध्याकाळी, क्लबच्या खोलीत. विजार धुऊन आण."

गुरुवारी मी गेलो, विजार मुद्दाम विसरून. ती तिथे प्रथमोपचार शिकवत होती. मला दारातच पकडून तिने सतरंजीवर आडवं केलं, कारण पेशंट कमी पडत होता. पुढच्या गुरुवारी पुन्हा विसरलो. तिथे वेलचीचे पाव चांगले मिळतात, असं बोर्येला सांगायचो.

तळं वितळलं त्या सुमाराला वर्गात बेशुद्ध व्हायची पाळी तिची आली.

"शिकवलंय तसं कर," म्हणाली, आणि डोळे मिटून पडली.

मी गुडघ्यांवर बसलो. तिचा खांदा हलवला. "हिलेवी, ऐकू येतंय का?" मनगटावर बोटं ठेवली. "हिलेवी... माझ्याशी लग्न करशील?"

खोलीत कोणाचा तरी कप बशीवर आपटला.

"बेशुद्ध माणूस बोलत नाही," ती डोळे न उघडता म्हणाली.

"पण नाडी पळतेय."

"तू चुकीची मोजतोयस..." आणि जरा वेळाने, हळूच — "विजार ठेव तुझ्याकडेच. मीच येते तिकडे."

हिलेवी गेली त्याला अजून वर्ष झालेलं नाही. आजार असा होता की तिथे दोर, खिळे, काही चालत नव्हतं. दवाखान्यात तिच्याजवळ बसलो होतो आणि हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. तिच्याबरोबर इतकी वर्षं मीही शिकवलं, आणि आता करण्यासारखं काहीच नाही... हे मला खरंच वाटत नव्हतं. मग तिचाच धडा आठवला. काही करता येत नसेल तेव्हाही माणसाला एकटं सोडायचं नाही. नाव घेऊन बोलत राहायचं. ऐकू येतं.

"हिलेवी," मी म्हणालो. "हिलेवी, मी आहे. श्वास सोड. हिलेवी, ऐकतेयस ना? आज वार कोणता?"

तिचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"तू... सांगशील तो."

सोमवार होता.

"गुरुवार," मी म्हणालो.