डाव्या मुठीतला नाग

कुंदाने तिसरा नाग पेटीतून काढला आणि डाव्या हाताने जबड्यामागे पक्का धरला. उजव्या हातात पातळ पडदा ताणलेला काचेचा पेला होता. नागाने पडद्यावर दात रोवले, पिवळसर विष काचेवरून ओघळलं. विषसंकलन केंद्रात हे रोजचंच. पण वर्षभरापूर्वी कुंदाला इथे कुणी झाडूसुद्धा मारू दिला नसता.

जन्मापासून तिचा डावा हात उजव्याची नक्कल करायचा. उजव्याने बटण लावलं की डावी बोटं हवेतच बटण लावत. मेंदूने एका हाताला सोडलेला हुकूम दोन्ही हातांना पोचायचा. सर्पमित्र वडिलांनी म्हणूनच तिला सापाजवळ कधी फिरकू दिलं नाही. मग डॉक्टर ओगलेबाईंनी रोधपट्टी बनवली. मनगटावर बांधली की ती हा आगंतुक हुकूम वाटेतच अडवायची; चालू असली की तिच्यावर बारीक दिवा जळायचा. कुंदा मात्र ती बाहीखाली झाकून ठेवी. ‘हात पदराखाली घे’ हे आईचं पालुपद अंगात मुरलं होतं ना!

नागाने शेपटीचा फटका मारला आणि बाही वर सरकली.

“कुंदे, पट्टीचा दिवा विझलाय!” जोडीला काम करणारे यशवंततात्या ओरडले.

पेला ठेवायला उजवी बोटं उघडायची, की डावीही उघडणार. उजवं बोट जरा हललं, तर डावंही हललंच.

“पेला माझ्याकडं दे.”

“नको! लांब व्हा तात्या. हात सुटला तर तुम्हालाच डसंल.”

भीतीने तिने पेला आवळला. डावी मूठही आवळली गेली आणि नाग तडफडला. आणखी जोर लावला तर त्याची मान मोडणार, ढिला सोडला तर आपण मरणार.

“पेटी माझ्याम्होरं सरकवा,” ती कशीबशी म्हणाली. “झाकण धरून ऱ्हावा.”

तिने दोन्ही हात पेटीच्या तोंडावर आणले आणि दोन्ही मुठी एकदमच उघडून मागे घेतल्या. पेला फुटला, नाग आत पडला, तात्यांनी झाकण आदळलं. कुंदा फरशीवर बसून ढसाढसा रडली.

दुपारी ओगलेबाईंनी पट्टीतली नोंद उघडली. त्यांनी वेळ पुन्हा एकदा तपासली.

“पट्टी नऊ वाजून दहा मिनिटांनी बंद पडलीय, कुंदा.”

“असं कसं? पहिला नाग तर मी साडेनऊला धरला.”

“तेच म्हणतेय मी.”

कुंदा आपल्या डाव्या हाताकडे पाहत राहिली.

“मग पहिल्या दोन नागांच्या वेळी मी पेला खाली ठेवला, तेव्हा हा हात कुणी आवरला, बाई?”