तेवीस नंबरच्या बोयाची फाइल

दहा वाजायच्या आत तनुजा केळुसकरने एकशे बारा फाइली तपासून मोकळ्या केल्या होत्या. वेंगुर्ल्याच्या किनारा निरीक्षण केंद्रात समुद्रात तरंगत लाटा मोजणाऱ्या बोयांकडून, जहाजांकडून, उपग्रहांकडून सतत फाइली येत, पण एकही थेट केंद्राच्या संगणकात शिरत नसे. आधी प्रत्येक फाइल काचघरात जाई. काचघर म्हणजे संगणकाच्या पोटात उभारलेला दुसरा, खोटा संगणक. घड्याळ तसंच, कागदपत्रं तशीच, फक्त बाहेर पडायला दार नाही. शिवाय तिथे एकाच वेळी अनेक फाइली तपासता येत आणि काळही पळवता येई. फाइलला दहा मिनिटांत दहा वर्षं जगायला लावायचं आणि ती काय काय करते ते बाहेरून बघायचं. लबाड फाइल पाचव्या-सहाव्या वर्षी तरी रंग दाखवतेच, हा तनुजाचा अनुभव होता.

एकशे तेरावी फाइल मात्र आल्या आल्याच खटकली. तिच्यावर डिजिटल सही नव्हती. नावावरून ती छायाचित्र वाटत होती, पण आतली सुरुवातीची अक्षरं छायाचित्राची नव्हती, कुठल्याच ओळखीच्या प्रकारातली नव्हती. तनुजाने तिचा ठसा घातक फाइलींच्या नोंदवहीशी ताडून पाहिला. जुळला नाही. ओळखीच्या, चांगल्या फाइलींशीही जुळला नाही. मग तिने पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि खुर्चीतून उठलीच.

"सर, हे बघा! बोया तेवीस!"

केंद्रप्रमुख साळगावकर चष्मा सावरत आले. तेवीस नंबरचा बोया एकोणीस महिन्यांपूर्वी गप्प झाला होता. तो बुडाला असं धरून त्याचं नावही यादीतून काढलं होतं.

"मेलेल्याच्या नावाने पत्र आलं तर ते उघडायचं नसतं, तनुजा. पुसून टाक."

"काल एका मालवाहू जहाजाने बोयाजवळून जाताना त्याचा हा क्षीण संदेश पकडलाय, सर. काचघरात उघडते. तिथून ती कुठे पळणार?"

पहिली तीन वर्षं फाइल निपचित पडून होती. चौथ्या वर्षी तिने हालचाल केली. तिने घड्याळ विचारलं.

साळगावकर म्हणाले, "बघ. ठरल्या वेळी फुटणाऱ्या फाइली हेच आधी विचारतात."

पण फाइलने पासवर्ड शोधले नाहीत, कुणाची कागदपत्रं चाळली नाहीत. तिने खाडीच्या मुखाची खोली आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक मागितलं. तनुजाने पळता काळ थांबवला, काचघरात आजची खरी तारीख, खरी भरती भरली. त्यासरशी फाइल उलगडली आणि पडद्यावर एक तक्ता आला. दोनशे चौदा तारखा, प्रत्येकीपुढे वेळ आणि लाटेची उंची. शेवटची तारीख आजची होती. दुपारी तीन पन्नास, चार मीटर.

आता तनुजाला उलगडा झाला. तेवीस नंबरचा बोया स्वतः शिकणारा होता. त्याचा अँटेना मोडला, तरी ऐकणं थांबलं नव्हतं. दूर दक्षिणेच्या महासागरात वादळ झालं की समुद्राचा तळ गुणगुणतो. ती गुणगुण काही तासांत इथवर पोचते, पण वादळाच्या लाटांना यायला काही दिवस लागतात. आभाळ निरभ्र असताना त्या अचानक खाडीच्या मुखावर उसळतात. बोयाने ही गुणगुण ओळखायला शिकून घेतलं होतं आणि अपुऱ्या स्मृतीत मावावं म्हणून स्वतःची वेगळी लिपी बनवली होती.

"घातक नाही हे मानलं," साळगावकर म्हणाले, "पण खरी कशावरून? आपल्याच नोंदी चोरून कुणी रचली असेल तर?"

तनुजाने जुने दोनशे तेरा अंदाज केंद्राच्या मोजयंत्राशी ताडले. दोनशे नऊ जुळले. उरलेले चार बघताच ती जवळजवळ ओरडली, "सर, या चारही दिवशी आपलं यंत्र बंद होतं! आपण नुसते अंदाजाने आकडे भरले होते. चोराने आपल्या चुकाही उचलल्या असत्या ना? यांतल्या एका दिवशी पोशाकाकांची होडी उलटली होती."

तिने लगेच उपग्रह-फोन लावला. मच्छीमारांचे म्होरके पोशा कुबल तेव्हा खोल समुद्रात जाळं ओढत होते.

"काका, गेल्या वर्षी अकरा मे. मुखावर होडी उलटली तेव्हा किती वाजले होते?"

"पाच वाजान गेल्ले, बाय. कित्या विचारतंस?"

तक्त्यात पाच वाजून पाच मिनिटं होती. केंद्राच्या वहीत त्या दिवशी समुद्र शांत होता.

साळगावकरांनी तक्त्याकडे पाहिलं, मग खिडकीतून समुद्राकडे. पाणी आरशासारखं पडलं होतं. त्रेचाळीस होड्या चारच्या सुमाराला खाडीत शिरणार होत्या. "सांग त्यांना," ते म्हणाले. "इशाऱ्यावर सही माझी."

"काका, आज साडेपाचपर्यंत आत येऊ नका. खोल पाण्यातच थांबा. मुखावर लाट फुटणार आहे."

"आबाळ निवळ असा, वारो नाय, आनि माका भायर रव सांगतंस?"

"त्या दिवशी तरी वारा होता का, काका?"

पोशाकाकांनी होडीचं इंजिन बंद केल्याचं फोनवर ऐकू आलं.

"नाय व्हतो," पोशाकाका हळूच म्हणाले. "बरा. सांगतंय सगळ्यांका."

साडेतीनला केंद्रातली सगळी माणसं गच्चीवर जमली. तीन पन्नास झाले. काहीच नाही. साळगावकरांनी रुमालाने मान पुसली. तेवढ्यात दूरवरच्या होड्या एकामागून एक वर उचलल्या गेल्या आणि अलगद खाली आल्या. तीन त्रेपन्नला ते पाणी खाडीच्या मुखाशी आलं, उभं राहिलं आणि अशा आवाजाने फुटलं की गच्चीवरचे सगळे मागे सरले. एकामागून एक सात लाटा आल्या. मुखावर एकही होडी नव्हती. तनुजा हसत होती आणि गालावरचं पाणी पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

खाली येऊन तिने लाटेची खरी वेळ आणि उंची काचघरात भरली. फाइलने आपला तक्ता तीन मिनिटांनी दुरुस्त केला आणि लगेच नवी मागणी केली. किनाऱ्यावरच्या उरलेल्या चाळीस बोयांशी तिला जोडून हवं होतं.

तनुजाने तिला काचघरात आणखी शंभर वर्षं पळवलं. एकही वावगं पाऊल नाही.

"आता?" साळगावकरांनी विचारलं. "सुरक्षित लिहायचं की असुरक्षित?"

तनुजाचे हात कळफलकावर थबकले. त्रेचाळीस होड्यांतली माणसं या फाइलमुळे किनाऱ्याला लागत होती. शंभर वर्षं ती शहाण्यासारखी वागली होती. पण त्या शंभर वर्षांत आपल्याकडे कुणीतरी बघतंय, हे तिला ठाऊक असेल का?