नीटनेटकं कॅबिनेट

"माझ्या भावाला मी मारलंय का, एवढंच मला सांगा," ती मुलगी म्हणाली आणि खुर्चीच्या लोखंडी दांडीवरचा हात तिने चटकन काढून घेतला.

वहिनींनी तिला आधी पाणी दिलं. त्यांना सगळेच वहिनी म्हणत, कारण त्यांचा मदतनीस हा त्यांचा सख्खा दीर होता आणि परक्यांसमोरही तो त्यांना दुसरी हाक मारत नसे. वहिनींची वीस वर्षं आगीच्या विम्याचे दावे तपासण्यात गेली होती. आता त्या खासगी तपास करत. दीर गाडी चालवायचा, वही लिहायचा आणि हमखास चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा.

"भाऊ जिवंत आहे ना?"

"आहे. पण परवा दुपारपासून शुद्धीवर नाही."

ती कॉम्प्युटरची कॅबिनेटं डिझाइन करायची. वायरींच्या जंजाळाला कंटाळून तिने नवं कॅबिनेट बनवलं होतं. सगळ्या वायरी मधल्या पत्र्यामागे दडवलेल्या. काचेतून फक्त दोन गोष्टी दिसायच्या. एक, विजेची मुख्य केबल जाते ते भोक. पत्र्याच्या धारेवर केबल घासू नये म्हणून त्याला काळी रबरी रिंग. दुसरी, अर्थिंगची हिरवी वायर. तिचा भाऊ त्याच कंपनीत टेस्टर होता. परवा त्याने पांढरं कॅबिनेट चालू केलं, पत्र्याला हात लावला आणि भिंतीवर फेकला गेला.

"काचेवरचा पॅकिंगचा कागदही काढला नव्हता त्याने. माझ्यावर एवढा भरवसा. दोनच नमुने झालेत. काळं आमच्या घरी आहे, आई त्यावर टायपिंग करते. ओरखडे पडतील म्हणून तीही कागद काढू देत नाही. ते चालतंय, मग हे कसं...?" तिने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "खोट डिझाइनमध्येच होती असं पाच वाजेपर्यंत मी लिहून द्यायचं, असं मालक म्हणतात. खरं असेल तर देईन हो. पण मला आता दिव्याचं बटण दाबायचीसुद्धा भीती वाटते."

दिराने घड्याळ पाहिलं. अडीच वाजले होते.

वर्कशॉपमध्ये पांढरं कॅबिनेट टेबलावर एकटंच होतं. प्लग काढलेला होता, तरी माणसं त्याला वळसा घालून जात होती. दिरानेही घातला.

"भाऊजी, आता चावत नाही ते."

"मग तुम्हीच लावा हात."

वहिनींनी कागदासकट काच उतरवली. हिरवी वायर स्क्रूने घट्ट बसवलेली होती. रबरी रिंगही जागेवर, स्वच्छ आणि गुळगुळीत. वहिनींनी नखाने रिंग उचकटली, भोकाच्या धारेवरून बोट फिरवलं आणि रुमालाला पुसलं. रुमाल काजळीने काळा झाला.

हिरव्या वायरीच्या स्क्रूवर लाल रंगाचा अर्धा ठिपका होता. उरलेला अर्धा पत्र्यावर होता, पण जरा बाजूला सरकून.

"हा रंग कसला, काका?"

म्हातारे फिटरकाका दारातच उभे राहून बोलले. कॅबिनेटकडे त्यांच्याने बघवत नव्हतं. "खूण आहे, ताई. अर्थिंगचा स्क्रू आवळला की त्याच्यावर आणि पत्र्यावर मिळून एकच ठिपका देतो मी. स्क्रू कुणी हलवला तर कळतं. पुन्हा आवळला, तर जुना पुसून नवा द्यायचा."

"परवा हे झाल्यावर इथे कोण कोण होतं?"

"मालकांनी त्याला आपल्याच गाडीत घातलं, ही पोर बरोबर गेली. मागे मी आणि विक्री खात्याचे साहेब, आमचे विक्रीसाहेब. मी तर पायरीवरच बसलो. परत आत जायचा धीर झाला नाही."

दिराने वहीत लिहिलं, 'फिटर नजर चुकवतो.' आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

मालक कपाळ धरून बसले होते. "परवापासून मी हॉस्पिटलातच आहे, आज दुपारी आलो. डिझाइन तिचं, सही तिची. पोलीस आले तर मी काय सांगू?"

"तुम्ही कॅबिनेट उघडलं होतं?"

"मला पेन्सिलला टोक करता येत नाही, बाई!"

तेही घाबरलेच होते, पण स्वतःपुरते.

विक्रीसाहेबांनी मात्र मुलीला खुर्ची दिली, चहा मागवला. "चूक कुणाच्याही हातून होते, बेटा. लिहून दे आणि मोकळी हो."

त्यांच्या मागे भिंतीवर जाहिरातीचं मोठं पोस्टर होतं. शेजारी शेजारी दोन कॅबिनेटं, एक पांढरं, एक काळं. आत ना रिंग, ना हिरवी वायर. धुऊन पुसून ठेवल्यासारखं सगळं.

"फोटो सुरेख आलाय," वहिनी म्हणाल्या.

"फोटो नाही हो, कॉम्प्युटरवर केलेलं चित्र आहे. खरं कॅबिनेट उघडत कोण बसतंय?"

दीर पोस्टरवर नख घासत होता. "छपाई वाईट आहे, वहिनी. दोन्हींत लाल डाग पडलाय. अर्धाच."

वहिनी पोस्टरजवळ गेल्या. त्यांचा चेहरा एकदम उतरला. इतक्या वर्षांत दिराने त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"काकांना आणि मालकांना आत्ताच्या आत्ता बोलवा."

सगळे जमले तेव्हा चारला पाच कमी होते. वहिनी उभ्यानेच बोलल्या.

"झटका बसला तेव्हा भोकात रिंग नव्हती. असती तर काजळी रिंगेवर धरली असती. ती धरलीय रिंगेखालच्या धारेवर आणि रिंग कोरी आहे. म्हणजे ती नंतर बसवली. हिरवी वायरही तेव्हा नव्हती. तिचा स्क्रू काढून पुन्हा लावलाय, कारण ठिपक्याचे अर्धे भाग जुळत नाहीत."

"म्हणजे फिटर!" दीर म्हणाला.

"काकांनी लावला असता तर त्यांनी नवा ठिपका दिला असता, भाऊजी. लावणाऱ्याला खुणेचा अर्थ ठाऊक नव्हता. मालक आणि ही मुलगी हॉस्पिटलात. मग उरलं कोण?"

विक्रीसाहेब हसले. "मी कशाला काढीन वायर?"

"फोटोसाठी. तुम्हाला स्वच्छ पांढरं कॅबिनेट हवं होतं. चित्र काढणाऱ्याने वायर काढली असती तशी खूणही काढली असती. तुमच्या पोस्टरवर काकांचा अर्धा ठिपका पत्र्यावर राहिलाय. हे उघडलेल्या कॅबिनेटचे फोटो आहेत आणि तुम्ही आम्हाला खोटं सांगितलंत."

साहेबांनी पोस्टरकडे वळून पाहिलं. "पुन्हा बसवणारच होतो. स्टुडिओतून परत न्यायला टेम्पो आला, गडबड झाली. वर नवा कागद चिकटवला आणि..."

"आणि टेम्पोत हिसके बसून केबल उघड्या धारेवर कापली गेली. पत्र्यात वीज उतरली आणि तिला जमिनीत न्यायला अर्थिंग नव्हतं. मुली, डिझाइन बरोबर होतं तुझं. पण पोस्टरवर डाग दोन आहेत. आई टायपिंगला किती वाजता बसते?"

मुलीला क्षणभर कळलंच नाही. मग ती पांढरीफटक पडली. "हॉस्पिटलातून आली की. चारला."

तिने फोन लावला. रिंग वाजत राहिली. कुणी उचलला नाही. तिने पुन्हा लावला. मालक खुर्चीतून उठले, काका देवाचं नाव घेऊ लागले. दिराच्या हातातली वही खाली पडली, ती त्याने उचललीही नाही.

"अगं, बाथरूममध्ये होते," अखेर आवाज आला. "आत्ताच चालू करत होते, तर..."

"आई, मागे हो! हात लावू नकोस! कशालाच हात लावू नकोस, बाहेर जा!"

आई बाहेर अंगणात गेल्याचं कळेपर्यंत तिने फोन कानापासून काढला नाही. मग ती मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली. वहिनींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. काकांनी हत्यारांची पिशवी उचलली आणि न सांगताच तिच्या घराकडे निघाले.

मुलीने डोळे पुसले. मग ती विक्रीसाहेबांकडे वळली.

"परवा तुम्ही इथली वायर पुन्हा जोडलीत. म्हणजे कशाने झालं ते तुम्हाला कळलं होतं. काळं तुम्हीच आमच्या घरी पोचवलं होतंत. माझ्या आईचा नंबर होता ना तुमच्याकडे?"

साहेबांनी मान खाली घातली.

"होता," ते म्हणाले.