रिकाम्या खोलीचा आवाज

सिरान केशिशियान ग्लेंडेलच्या शाळेत बारावीला होती, आणि रोज सकाळी बरबँकच्या स्टुडिओत जाऊन ती १९६० सालातली होत होती. केसांना गरम रोलर, श्वास अडवणारा स्कर्ट, ओठांवर लालभडक लिपस्टिक. एवढं नटून झालं की ट्रेलरमध्ये बसून आधी गणितं! वय अठराच्या आत असेल तर कायदा शाळा चुकवू देत नाही. स्टुडिओतल्या शिक्षिका मिसेस फॉस तर मुळीच नाही.

मालिकेचं नाव 'लेक्सिंग्टन, अकरावा मजला'. न्यूयॉर्कमधली जाहिरात कंपनी, आत धूर सोडणारे पुरुष, बाहेर टाइप करणाऱ्या मुली. पहिलाच सीझन. सिरान त्यांतली मिस प्रुइट. सगळा सीझन तिच्या वाट्याला "कॉफी आणू, सर?" एवढंच होतं, पण शेवटच्या भागात एक अख्खा सीन होता. पुढच्या सीझनला तिला ठेवायचं की नाही, ते त्यावर ठरणार होतं.

प्रत्येक सीन संपला की आवाज टिपणारी लुपे अरेदोंदो हात वर करायची. "रूम टोन!" म्हटलं की सगळे जागच्या जागी पुतळे. रिकाम्या खोलीलाही आपला असा आवाज असतो, आणि संवादांमधल्या फटी त्यानं बुजवतात. अर्धा मिनिट कुणी नाक ओढायचं नाही, की पोटात कावळे ओरडू द्यायचे नाहीत. मग दिग्दर्शक वेंडेल क्रॅबट्री ओरडायचे, "झालं, चला!"

तिसऱ्या भागाच्या वेळी लुपेनं कपाळाला आठी घातली. "कोण टाइप करतंय?"

कुणीच नव्हतं. शिवाय सेटवरच्या टाइपरायटरांना आवाज दबावा म्हणून आतून नमदा लावलेला. त्यांचा खडखडाट नंतर घालायचा असतो. लुपेनं केबल तपासल्या, शेजारच्या सेटपर्यंत जाऊन आली. तिथे कुलूप.

पुढच्या भागात टाइपिंग थांबून कुणीतरी घसा खाकरला. त्याच्या पुढच्या भागात लुपेनं सिरानला बाजूला ओढलं.

"ए मुली, मस्करी करतेस का माझी?"

"मी? मी तर श्वास पण घेत नव्हते!"

"मग हे ऐक."

सिराननं हेडफोन लावले. खोलीची गुणगुण. टाइपिंग, आणि ते थांबणं. मग बाईचा कोरडा, सर्दी झाल्यासारखा आवाज, अगदी माइकपाशी: "सर, मला एक—" आणि त्यावर वेंडेलचं दणदणीत "झालं, चला!"

"तिला बोलूच देत नाहीत," सिरान म्हणाली.

"कुणाला?" लुपेनं विचारलं.

शेवटच्या भागाची पानं आली. लिपस्टिकच्या जाहिरातीवर पुरुषांची डोकी चालेनात, तेव्हा मिस प्रुइट म्हणते, "त्याला आवडतं म्हणून नाही. मला आवडतं म्हणून." पुरुष हसतात. आणि मग तिचं शेवटचं वाक्य: "माफ करा, मी मध्येच बोलले."

"यातलं शेवटचं मला नाही म्हणायचं," सिरान गाडीत आईला म्हणाली.

"जान, म्हण आणि मोकळी हो. मी बँकेत दिवसभर तेच म्हणते. काही झिजलं का माझं?"

सिराननं आईकडे बघितलं. आई रस्त्याकडेच बघत राहिली.

पहिला टेक. सिराननं निमूट माफी मागितली.

"पुन्हा घ्या," लुपे म्हणाली. "माफी टेपवर आलीच नाही."

दुसरा टेक. सिरानचे ओठ हलले, कॅमेऱ्यात दिसलेही. टेपवर त्या जागी नुसती टकटक. माइक बदलला. पुन्हा तेच.

"मोठ्यानं बोल ना गं!" वेंडेल कडाडले. "मिसेस फॉस घड्याळ दाखवतायत, तुझे कामाचे तास संपत आले, एकच टेक उरलाय तुझा!"

"मग मी ते म्हणणारच नाही, सर. तिची कल्पना चांगली आहे. माफी कशाची?"

"सोमवारी या खुर्चीत दुसरी मुलगी बसेल. कळतंय का?"

"बसवा की! तिची तरी माफी ऐकू येते का बघा."

कुणीतरी खुदकन हसलं. वेंडेल लालेलाल झाले, पण वेळ नव्हता. "ॲक्शन!"

तिनं लिपस्टिकचं वाक्य म्हटलं. पुरुष हसले. ती हनुवटी वर करून त्यांच्याकडे बघत राहिली, हसणं ओशाळून विरेपर्यंत.

"रूम टोन," लुपे हळूच म्हणाली.

सगळे पुतळे.

अर्धा मिनिट सरला. वेंडेलनी तोंड उघडलं.

सिराननं त्यांच्यासमोर तळहात धरला. थांबा.

ते थांबले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

लुपेचा हात वरच होता. तिचे डोळे हेडफोनच्या आत कुठेतरी गेले होते.

कुणी हललं नाही.

मग तिनं हात खाली घेतला, टेप मागे नेली आणि हेडफोन वेंडेलना दिले. त्यांनी उभ्यानं ऐकलं. काढून टेबलावर ठेवले, अगदी अलगद.

"सोमवारी कुणाला बोलावू नका," ते म्हणाले आणि बाहेर निघून गेले.

लुपेनं टेप पुन्हा मागे नेली आणि सिराननं हेडफोन उचलले.

"सर, मला एक सुचलंय," तो कोरडा आवाज म्हणाला. या वेळी तो तुटला नाही. कुठल्याशा साबणाची जाहिरात तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, घाई न करता. चांगली होती. कुणी हसलं नाही.

मग आणखी कुणी बोलायला उठावं तसा खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. लांबून दुसरी. मग तिसरी, आणि मग सरकतच राहिल्या, रांगेनं, खूप आतपर्यंत.

सिराननं खाली पाहिलं. सेटवर जाड गालिचा होता. टेपवरच्या खुर्च्या लाकडी जमिनीवर सरकत होत्या.